एक आज्ञावली, दोन आवृत्त्या

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. रुपया तोच राहिला. मात्र त्याचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. जुनी नाणी एका रात्रीत नाहीशी झाली नाहीत. आणे आणि नवे पैसे काही काळ एकाच गल्ल्यात नांदले, आणि दुकानदाराला दोन्ही हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे हा हिशेब सोपा होता. परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, आणि पाव नव्या पैशाचे नाणे तर नव्हते. नवी पद्धत निःसंशय अधिक सोयीची होती. तथापि खरी कसोटी लागली ती जुने आणि नवे एकत्र चालविण्याच्या मधल्या काळात.

संगणकाच्या जगातही असे मधले काळ येतात. संगणकाला काम सांगण्यासाठी माणसाने ज्या भाषा निर्माण केल्या आहेत, त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघत असतात. नव्या आवृत्तीत काही जुने शब्द गळतात, काहींचे अर्थ पालटतात. अशा वेळी जुन्या आवृत्तीत लिहिलेल्या असंख्य आज्ञावलींचे काय करावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. त्या सर्व एका दिवसात नव्याने लिहिणे शक्य नसते आणि त्यांचे काम थांबविणेही परवडत नाही. मग एकच आज्ञावली जुन्या व नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांवर सारखीच चालेल अशा रीतीने लिहिणे हा मार्ग उरतो. तो कसा आक्रमावा आणि त्यात धोके कोठे दडलेले असतात, हे समजून घेण्यासाठी पायथन या भाषेचा इतिहास अतिशय उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे हे विवेचन तज्ज्ञांच्या परिभाषेत नाही. परंतु ज्यांच्या कार्यालयाचे काम आज आज्ञावलींवर अवलंबून आहे, अशा प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

एका भाषेची वाटचाल

नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम येथे गणित आणि संगणकशास्त्राची एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तेथे काम करणारे खिदो फान रॉसम यांनी १९८९ च्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या सुटीत, एका नव्या संगणकभाषेच्या रचनेस प्रारंभ केला. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील 'मॉन्टी पायथन' या विनोदी कार्यक्रमावरून त्यांनी तिचे नाव पायथन ठेवले. फेब्रुवारी १९९१ मध्ये ही भाषा प्रथम लोकांसमोर आली. वाचावयास सोपी आणि शिकावयास सुलभ असल्यामुळे तिचा झपाट्याने प्रसार झाला. ऑक्टोबर २००० मध्ये तिची दुसरी मुख्य आवृत्ती निघाली आणि ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सामान्यतः भाषेची नवी आवृत्ती जुन्या आज्ञावली जशाच्या तशा चालवून दाखविते. तिसऱ्या आवृत्तीने मात्र जाणूनबुजून ही परंपरा मोडली. प्रारंभीच्या काळात झालेल्या काही रचनेच्या चुका कायमच्या दूर कराव्यात, त्यासाठी जुन्याशी असलेले नाते काही ठिकाणी तोडावे लागले तरी चालेल, असा निर्णय भाषेच्या कर्त्यांनी घेतला. दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेली कोणतीही मोठी आज्ञावली तिसऱ्या आवृत्तीवर विनादुरुस्ती चालेल, अशी आशा त्यामुळे उरली नाही.

बदलाची गरज का पडली?

हा निर्णय एवढा कठोर का होता, हे समजण्यास मराठी वाचकाला फार दूर जावे लागणार नाही. त्याचे मुख्य कारण लिपीशी निगडित आहे.

संगणक अक्षरे साठवितो ती अंकांच्या रूपाने. अशा अंकांच्या एका लहान घराला बाइट म्हणतात. इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला एक बाइट पुरतो. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकूर म्हणजे अशा बाइटांची माळ, असा सोयीचा समज होता. इंग्रजीपुरता तो खराही होता. परंतु देवनागरीचे तसे नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो, मात्रा असो वा पाय मोडल्याची खूण असो, स्वतंत्र मानले जाते. आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीने ते साठविताना प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी दहा चिन्हे आहेत. त्याची लांबी विचारली असता जुनी आवृत्ती बाइट मोजून '३०' असे उत्तर देई. नवी आवृत्ती चिन्हे मोजून '१०' असे देते.

हा फरक केवळ पंडिती नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात प्रस्तुत लेखकासमोर लाभार्थ्यांची एक छापील यादी आली. बहुतेक नावे ठीक होती. मात्र जेथे जेथे 'ज्ञानेश्वर' हे नाव होते, तेथे 'ज्ञाने' एवढेच छापले गेले होते आणि त्यापुढे एक रिकामा चौकोन उमटला होता. यादी बँकेकडे जावयाची होती, आणि नाव जुळल्याखेरीज पैसे मिळणार नव्हते. आज्ञावली सांभाळणाऱ्या तरुण अभियंत्याला बोलावून विचारले.

"साहेब, नावाच्या रकान्याला वीस अक्षरांची मर्यादा आहे," तो म्हणाला.

"अहो, पण 'ज्ञानेश्वर' या नावात चारच अक्षरे आहेत. वीस कोठून आली?"

"आपल्याला चार दिसतात, साहेब. संगणकाच्या लेखी ती दहा चिन्हे आणि तीस बाइट. जुनी आवृत्ती बाइट मोजते. विसाव्या बाइटवर कात्री चालली, तेव्हा सहा चिन्हे पूर्ण आली आणि सातवे मध्येच कापले गेले. तो चौकोन म्हणजे कापलेले 'श' आहे."

"मग हे आधी कोणाच्या लक्षात कसे आले नाही?"

तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "चाचणी इंग्रजी नावांवर घेतली होती, साहेब."

या एका वाक्यात सारे प्रकरण सामावले आहे. जुन्या आवृत्तीत मजकूर आणि बाइट यांची सरमिसळ होऊ शके. इंग्रजी मजकूर असेपर्यंत ती खपून जाई. देवनागरी, जर्मन वा जपानी नाव आले की आज्ञावली अडखळे किंवा नाव विद्रूप होई. तिसऱ्या आवृत्तीने मजकूर आणि बाइट या दोन स्वतंत्र जाती ठरविल्या आणि त्यांच्या सरमिसळीस मज्जाव केला. इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणाऱ्या जगासाठी ही सुधारणा अत्यावश्यक होती. अर्थात, नवी आवृत्तीही 'ज्ञानेश्वर' मधील चिन्हे दहाच मोजते. आपल्याला दिसणारी चार अक्षरे ओळखण्यासाठी आणखी निराळी सोय करावी लागते. परंतु चिन्ह मध्येच कापले जाण्याचा प्रमाद तेथे घडत नाही.

बोलकी चूक आणि मुकी चूक

नव्या आवृत्तीतील सर्वच बदल सारख्या योग्यतेचे नव्हते. त्यांची दोन प्रकारांत विभागणी केल्यास विषय अधिक स्पष्ट होईल.

पहिला प्रकार बोलक्या चुकांचा. जुन्या आवृत्तीत पडद्यावर काही दाखविण्याची 'प्रिंट' ही आज्ञा कंसाविना लिहीत असत. नवीत तिला कंस आवश्यक ठरला. जुन्या पद्धतीने लिहिलेली ओळ भेटताच नवी आवृत्ती चूक दाखवून तेथेच थांबते. शून्याने सुरू होणाऱ्या संख्येचेही तसेच. जुन्या आवृत्तीत ०१२३ असे लिहिल्यास ती संख्या आठाच्या पायावर मोजली जाऊन तिचे मूल्य ८३ होई. नवी आवृत्ती असे लेखन स्वीकारतच नाही. अशा चुका त्रासदायक असतात. पण त्या स्वतःहून हाक मारतात, म्हणून सापडतात.

दुसरा प्रकार मुक्या चुकांचा, आणि खरा धोका तोच आहे. समजा, एखाद्या गावात २५० घरे आहेत आणि त्यांपैकी १७५ घरांत नळ पोहोचला आहे. टक्केवारी काढण्यासाठी १७५ ला २५० ने भागून १०० ने गुणावयाचे. पायथनच्या जुन्या आवृत्तीत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येई. अपूर्णांक सोडून दिला जाई. म्हणजे १७५ भागिले २५० बरोबर शून्य, आणि शून्य गुणिले १०० बरोबर शून्य. नव्या आवृत्तीत हेच उत्तर ७० येते. दोन्ही वेळा आज्ञावली बिनतक्रार चालते आणि तक्ता सुबक छापला जातो. फरक एवढाच की एका तक्त्यात गाव पाण्यावाचून आहे आणि दुसऱ्यात दहांपैकी सात घरांत पाणी आले आहे. याच्या उलटही घडते. जेथे पूर्णांक उत्तरच हवे होते, उदाहरणार्थ ७ वह्या दोघा मुलांना सारख्या वाटावयाच्या आहेत, तेथे नवी आवृत्ती साडेतीन वह्या असे उत्तर देऊन मोकळी होते.

आसन्न मूल्याचा, म्हणजे जवळची पूर्ण संख्या घेण्याचा नियमही बदलला. जुन्या आवृत्तीत २.५ चे ३ होत. नवीत ते २ होतात. कारण नेमका अर्धा असल्यास जवळची सम संख्या घ्यावी, असा नवा नियम आहे. त्यामुळे ३.५ चे मात्र दोन्हीकडे ४ च होतात. हजारो रकमांच्या बेरजेत हा फरक कोठे मुरला, हे शोधणे किती कठीण आहे, हे सांगणे न लगे. सव्वासहा नव्या पैशांचा जुना प्रश्नच येथे नव्या वेशात आलेला दिसतो.

तिसरे उदाहरण तुलनेचे. एका यादीत काही रकमा अंक म्हणून आणि काही मजकूर म्हणून नोंदविल्या गेल्या, तर जुनी आवृत्ती त्या निमूटपणे क्रमाने लावी. मात्र सर्व अंक आधी आणि सर्व मजकूर नंतर. म्हणजे १०० ही संख्या मजकूर म्हणून लिहिलेल्या '२०' पेक्षा लहान ठरे. नवी आवृत्ती अशी तुलना करण्यास स्पष्ट नकार देते. येथे नव्या आवृत्तीने एका मुक्या चुकीला वाचा फोडली, असे म्हणावयास हरकत नाही.

दोन मार्ग

या परिस्थितीतून वाट काढण्याचे दोन मार्ग होते. पहिला मार्ग भाषांतराचा. तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांनी 'टू-टू-थ्री' नावाचे एक साधन दिले होते. ते जुनी आज्ञावली वाचून तिचे नव्या आवृत्तीत रूपांतर करीत असे. मूळ आज्ञावली जुन्या आवृत्तीत सांभाळावी आणि प्रत्येक वेळी या साधनाने तिची नवी प्रत काढावी, अशी मूळ अपेक्षा होती. व्यवहारात हा मार्ग गैरसोयीचा ठरला. रूपांतराला वेळ लागे, आणि नव्या प्रतीत चूक आढळली की तिचे मूळ जुन्या प्रतीत शोधीत बसावे लागे. शिवाय साधनाला शब्द दिसतो, लेखकाचा हेतू दिसत नाही. एखाद्या ठिकाणचा भागाकार पूर्णांक हवा की अपूर्णांक, हे यंत्र कसे ठरविणार?

दुसरा मार्ग समान भूमीचा. जुन्या आणि नव्या आवृत्तीत जेवढे व्याकरण समान आहे, तेवढ्याच्या आत राहून एकच आज्ञावली लिहावी, असे या मार्गाचे सूत्र आहे. पुण्याच्या आणि नागपूरच्या श्रोत्यांपुढे एकच व्याख्यान देणारा वक्ता दोन्हीकडे समजतील असेच शब्द निवडतो, तशातलाच हा प्रकार. अनुभवाने बहुतेकांनी अखेर हाच मार्ग पत्करला.

ही समान भूमी पुढे वाढविण्यातही आली. ऑक्टोबर २००८ मध्ये, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या दोनच महिने आधी, जुन्या शाखेची २.६ ही उपआवृत्ती निघाली. जुलै २०१० मध्ये २.७ निघाली आणि तीच त्या शाखेची शेवटची ठरली. या दोहोंत नव्या आवृत्तीची कित्येक वैशिष्ट्ये आधीच आणून ठेवली होती. उलट बाजूनेही एक पाऊल मागे घेण्यात आले. जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकुरापूर्वी 'यू' हे अक्षर लिहीत. नवीत सर्वच मजकूर युनिकोड असल्यामुळे ते अनावश्यक म्हणून काढून टाकले होते, आणि तेवढ्यामुळे असंख्य आज्ञावली नव्या आवृत्तीत अडून पडत होत्या. आर्मिन रोनाखर यांच्या प्रस्तावानुसार सप्टेंबर २०१२ मध्ये निघालेल्या ३.३ या उपआवृत्तीत हे निरुपयोगी 'यू' पुन्हा चालवून घेण्यात आले. सुधारणा करणाऱ्याने जुन्यांसाठी थोडी जागा ठेवली, की किती मोठा अडथळा दूर होतो, याचा हा उत्तम दाखला आहे.

सहा पथ्ये

एकच आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांवर चालविणाऱ्यांच्या अनुभवातून जी पथ्ये सिद्ध झाली, ती थोडक्यात अशी :

१. आधार किती मागे द्यावयाचा, हे आधी ठरवावे. २.५ आणि त्यापूर्वीच्या उपआवृत्त्या सोडून दिल्या, की समान भूमी एकदम विस्तारते. उदाहरणार्थ, चूक पकडण्याच्या आज्ञेचे जे नवे लेखन आहे, ते २.६ पासून दोन्हीकडे चालते. सर्वांनाच सांभाळण्याचा हट्ट धरला, तर कोणालाच नीट सांभाळता येत नाही.

२. 'भविष्य' मागवून घ्यावे. पायथनमध्ये 'फ्यूचर' या नावाची एक खास सोय आहे. आज्ञावलीच्या प्रारंभी तिच्या आधारे एक ओळ लिहिली, की जुनी आवृत्ती त्या आज्ञावलीपुरती नव्या नियमाने वागू लागते. भागाकाराचा नवा नियम २.२ पासून आणि कंसयुक्त 'प्रिंट' २.६ पासून असा मागविता येई. 'प्रिंट' च्या बाबतीत ही ओळ विसरून केवळ कंस घातले आणि त्यांत दोन गोष्टी लिहिल्या, तर जुनी आवृत्ती कंस आणि स्वल्पविरामही पडद्यावर उमटवी.

३. हेतू स्पष्ट लिहावा. पूर्णांक भागाकारच हवा असेल तेथे एका तिरप्या रेघेऐवजी दोन तिरप्या रेघांचे चिन्ह वापरावे. त्याचा अर्थ दोन्ही आवृत्त्यांत एकच आहे. संदिग्ध लेखन आज चालते आणि उद्या दगा देते.

४. मजकूर आणि बाइट यांची सीमा सांभाळावी. फाइल, संगणकजाल किंवा छपाईयंत्र यांच्याकडून येणारे बाइट आत येताक्षणी मजकुरात रूपांतरित करावेत, आतील सर्व काम मजकुरावर करावे आणि बाहेर जाताना शेवटच्या क्षणी त्याचे पुन्हा बाइट करावेत. उंबरठ्यावर पाय धुऊन घरात यावे, तसा हा नियम आहे.

५. क्रमांक विचारू नये, सोय विचारावी. काही उपयुक्त आज्ञासंचांची नावे नव्या आवृत्तीत बदलली. अशा वेळी 'ही आवृत्ती दुसरी की तिसरी?' असे प्रश्न जागोजागी पेरण्यापेक्षा आधी नव्या नावाने मागणी करावी आणि ते न सापडल्यास जुन्या नावाने करावी. हे सारे एकाच ठिकाणी ठेवावे. बेंजामिन पीटरसन यांनी रचलेला 'सिक्स' हा आज्ञासंच याच कामासाठी होता. दोन गुणिले तीन बरोबर सहा, यावरून त्याला हे नाव मिळाले.

६. प्रत्येक बदलानंतर दोन्ही आवृत्त्यांवर चाचणी घ्यावी. हे पथ्य शेवटी लिहिले असले, तरी महत्त्वाने पहिले आहे. मुकी चूक वाचून सापडत नाही. अपेक्षित उत्तर आणि आलेले उत्तर शेजारी ठेवले, तरच ती सापडते. चाचणीसाठी घेतलेल्या नमुन्यात २.५ सारखी अर्धी संख्या असावी, शेष उरणारा भागाकार असावा, आणि 'ज्ञानेश्वर' सारखे नावही असावे.

मुदत आणि मुदतवाढ

एवढी साधने हाती असूनही हे संक्रमण अपेक्षेपेक्षा फार लांबले. जुन्या आवृत्तीचा सांभाळ २०१५ मध्ये थांबवावयाचा, असे आधी ठरले होते. परंतु तोपर्यंत बहुतेकांची तयारी झाली नसल्याचे दिसून आल्यावर २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढविण्यात आली. १ जानेवारी २०२० रोजी ती संपली आणि एप्रिल २०२० मध्ये २.७ ची अखेरची दुरुस्त प्रत, २.७.१८, प्रसिद्ध करून जुन्या शाखेला निरोप देण्यात आला. तिसऱ्या आवृत्तीच्या जन्मापासून मोजल्यास हा काळ अकरा वर्षांहून अधिक भरतो.

विलंबाचे कारण केवळ आळस नव्हते. एक आज्ञावली दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर उभी असते. पायातील दगड हलेपर्यंत वरच्या मजल्याला हलता येत नाही, आणि वरचे कोणी मागत नाही म्हणून पायाचे दगडही हलत नाहीत. संकेतस्थळे रचण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जँगो या आज्ञासंचाने फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात दोन्ही आवृत्त्यांचा आधार देण्यास सुरुवात केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये जुनीचा आधार काढून घेतला. मधली वर्षे तो दोन्ही काठांवर उभा होता. इन्स्टाग्राम या कंपनीने आपली प्रचंड आज्ञावली, सेवा न थांबविता, आधी दोन्हींवर चालेल अशी केली आणि २०१७ मध्ये ती नवीवर नेली. ड्रॉपबॉक्स या कंपनीत त्या वेळी स्वतः फान रॉसम नोकरीस होते. तरीही तेथील डेस्कटॉपवरील आज्ञावलीचे हे काम २०१८ मध्येच तडीस गेले.

मर्क्युरियल या साधनाची कथा अधिक बोलकी आहे. आज्ञावलींच्या बदलांचा इतिहास जपणारे हे साधन फाइलींतील मजकुराकडे मुद्दाम बाइट म्हणूनच पाहते. कारण दुसऱ्याच्या फाइलीत एक बाइटही बदलण्याचा त्याला अधिकार नसतो. नव्या आवृत्तीने बाइटांवरील काही जुन्या सोयी काढून घेतल्यामुळे त्याची मोठी अडचण झाली. त्यांतील एक महत्त्वाची सोय २०१५ मध्ये ३.५ या उपआवृत्तीत परत देण्यात आली. मर्क्युरियलने तिसऱ्या आवृत्तीला अधिकृत आधार दिला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये, मुदत संपण्यास दोन महिनेही उरले नसताना. एखादी सुधारणा बहुसंख्यांच्या हिताची असली, तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे यावरून दिसून येते.

पूल उतरविण्याची वेळ

दोन्ही आवृत्त्यांवर चालणारी आज्ञावली हा पूल आहे. तो राहण्याची जागा नव्हे. तिच्यातील प्रत्येक 'नवे न मिळाल्यास जुने घ्यावे' ही ओळ वाचणाऱ्याचा वेळ घेते, चाचणीचे काम दुप्पट करते आणि नव्या आवृत्तीच्या चांगल्या सोयी वापरण्यास आडकाठी करते. म्हणून पूल बांधतानाच तो कधी उतरवावयाचा, याची तारीख लिहून ठेवणे शहाणपणाचे असते. जगातील अनेक वैज्ञानिक आज्ञासंचांच्या कर्त्यांनी तसेच केले. आपण २०२० च्या आत जुन्या आवृत्तीचा आधार काढून घेऊ, असे त्यांनी एकत्रितपणे आधीच जाहीर केले. त्यामुळे वापर करणाऱ्यांना तयारीला अवधी मिळाला आणि चालढकलीस निमित्त उरले नाही. रूपांतराचे 'टू-टू-थ्री' हे साधनही ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेल्या ३.१३ या उपआवृत्तीतून वगळण्यात आले.

मात्र म्हणून प्रश्न संपला, असे कोणी समजू नये. आता पायथनची नवी उपआवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये निघते आणि प्रत्येकीचा सांभाळ पाच वर्षे होतो. बदल पूर्वीपेक्षा लहान असतात. पण ते असतात. जून २०१८ मधील ३.७ या उपआवृत्तीत 'असिंक' हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला. ज्यांनी तो आपल्या आज्ञावलीत साधे नाव म्हणून वापरला होता, त्यांची आज्ञावली बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मधील ३.१२ मध्ये आज्ञासंच बांधण्याचे 'डिस्टयूटिल्स' हे जुने साधन काढून टाकण्यात आले. असे बदल करण्यापूर्वी भाषा सामान्यतः सूचना देते. 'ही सोय लवकरच जाणार आहे' अशी इशाऱ्याची ओळ काही उपआवृत्त्या आधीपासून चाचणीच्या वेळी दिसू लागते. ती वाचणारा निश्चिंत राहतो. ती दडपून टाकणारा पुढे अडचणीत येतो.

आपल्यापुरता बोध

हा इतिहास दूरदेशीच्या एका भाषेचा असला, तरी त्याचा बोध आपल्या कार्यालयांना, शाळा-महाविद्यालयांना आणि सहकारी संस्थांना सरळ लागू पडतो. संगणकावरील काम बाहेरच्या पुरवठादाराकडून करून घेताना आपण यंत्राची किंमत आणि काम पूर्ण होण्याची तारीख विचारतो. आज्ञावली कोणत्या भाषेच्या कोणत्या आवृत्तीवर चालते, त्या आवृत्तीचा सांभाळ कोणत्या वर्षी संपतो आणि पुढील आवृत्तीवर जाण्याची व्यवस्था काय, हे तीन प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. ते विचारण्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

चौथी गोष्ट आपल्याच हातची आहे. आवृत्ती बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर तोच तक्ता काढून दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्यात आणि अनुभवी लिपिकाने त्या तपासाव्यात. शून्य टक्के नळजोडणी पाहून 'हे गाव मी पाहिले आहे, तेथे नळ आहेत' असे म्हणणारा माणूस कोणत्याही यंत्रापेक्षा आधी मुकी चूक पकडतो.

वर उल्लेखिलेली ती यादी त्या दिवशी परत गेली. तरुण अभियंत्याने आज्ञावली दोन्ही आवृत्त्यांवर चालेल अशी दुरुस्त केली, चाचणीच्या नमुन्यात मराठी नावे घातली आणि आठवडाभराने नवी प्रत आणून दाखविली. त्या प्रतीत सर्व ज्ञानेश्वर पूर्ण नावानिशी उभे होते. आज्ञावली जुनी असो वा नवी, ज्या माणसासाठी ती लिहिली गेली त्याचे नाव तिच्यात पूर्ण उमटले पाहिजे. आवृत्त्यांच्या या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन शेवटी एवढेच आहे.